वाचकांचे प्रश्न : लघवीवरचा ताबा आणि मनावरचे दडपण

नकळत लघवी होण्याच्या तक्रारीविषयी या सदराकडे येणारी पत्रे बहुधा निनावी असतात. लिहिणारा आपले वय सांगतो, जिल्हा सांगतो, मधुमेह आहे की नाही हेही सांगतो. नाव तेवढे सांगत नाही. गुडघेदुखीविषयी विचारताना कोणी नाव लपवत नाही. या अंकात मुद्दाम याच एका विषयावरची पत्रे घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे आणि पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४६. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकला आला किंवा जोरात हसले की लघवीचे दोन-चार थेंब जायचे. आता साध्या शिंकेनेही कपडे ओले होतात. कवायतीच्या तासाला मुलींबरोबर उड्या मारणे मी बंद केले आहे, गडद रंगाच्याच साड्या नेसते आणि शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नाही. सासूबाईंना एकदा सांगितले तर म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे असायचंच, आम्ही काय कुणाला सांगत बसलो?" यजमानांना अजून माहीत नाही, ते जवळ आले की मी काहीतरी कारण काढून टाळते. यावर उपाय असतो का, की हे असेच सोसायचे?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : उपाय असतो, आणि त्यातला बराचसा तुमच्या हातात आहे. सासूबाईंच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे: ही तक्रार पुष्कळ स्त्रियांना होते. पण पुष्कळांना होते म्हणून ती सोसलीच पाहिजे, असे त्यातून निघत नाही. त्यांच्या पिढीला हे कोणी समजावून सांगितले नाही आणि विचारण्याची सोयही नव्हती, म्हणून त्यांनी सोसले. त्यात त्यांचा दोष नाही आणि तुमचा तर मुळीच नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात आणि लघवीच्या मार्गाला खालून आधार मिळतो तो तिचाच. बाळंतपणात हे स्नायू आणि त्यांच्या नसा ताणल्या जातात; पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झाल्याने तेथील अस्तर पातळ होते; आणि जोडीला वाढलेले वजन, जुना खोकला किंवा शौचाला कुंथण्याची सवय असली की आधार आणखी सैल पडतो. खोकताना, शिंकताना, उडी मारताना किंवा भरलेली बादली उचलताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि सैल आधाराला तो पेलवत नाही. तुमच्या स्वच्छतेशी, शिस्तीशी किंवा मनाच्या खंबीरपणाशी याचा काडीचाही संबंध नाही.

पहिला उपचार म्हणजे या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली त्याविषयी लिहिले, म्हणून त्याला केगेल व्यायाम म्हणतात. योगाभ्यासातला मूलबंध ज्यांनी केला आहे त्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल. चारचौघांत बसलेले असताना वायू सरू नये म्हणून आपण जो भाग आवळतो तो, आणि त्याच वेळी लघवीची धार अडवताना जो आवळतो तो, असे दोन्ही एकदम आत आणि वर ओढायचे. पोट, मांड्या आणि नितंब सैल राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. आवळलेले स्नायू आठ सेकंद धरायचे (सुरुवातीला तीन-चार सेकंदच जमतात, हरकत नाही), तेवढाच वेळ सैल सोडायचे आणि असे निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा करायचे. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून हा व्यायाम करू नये. स्नायू ओळखण्यासाठी एखादे वेळी तसे करून पाहिले तर चालेल, पण रोजची सवय करू नये. आत ओढण्याऐवजी खाली कुंथणाऱ्या स्त्रिया मी पुष्कळ पाहते, आणि त्याने त्रास वाढतो. म्हणून एकदा तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून किंवा या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून आपण योग्य स्नायू आवळतो आहोत ना, हे तपासून घ्यावे. फरक दिसायला किमान तीन महिने लागतात. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देतात आणि व्यायामाचा उपयोग नाही असे ठरवून मोकळ्या होतात. शिंक येणार असे वाटताच, ती येण्याच्या आधी स्नायू आवळून धरण्याची सवय मात्र आजपासूनच लावता येईल.

वजन जास्त असेल तर ते कमी करण्याचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा असतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या स्त्रियांचे वजन सरासरी ८ टक्के उतरले, त्यांच्या आठवड्यातल्या गळतीच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या. ज्यांना केवळ माहिती दिली होती त्यांच्यात ही घट २८ टक्के होती. सत्तर किलोच्या बाईला ८ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. एवढे वजन उतरवणे आवाक्यातले आहे.

पाणी न पिण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण ही लाज लपवण्याची सर्वांत सरसकट आणि सर्वांत घातक युक्ती आहे. पाणी तोडले की लघवी घट्ट आणि दाहक होते, मूत्राशयाला चुरचुरते, वारंवार लागते, उन्हाळी लागते, जंतुसंसर्ग होतो. शिवाय बद्धकोष्ठ होऊन कुंथणे वाढते आणि स्नायूंची झोळी आणखी सैल पडते. दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेलेच पाहिजे. शाळेत शिकवून घसा कोरडा पडत असताना सहा-सात तास पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही शिक्षा तुम्ही कोणत्या अपराधासाठी भोगत आहात?

उपचार लागू पडेपर्यंत लघवीसाठी मिळणारे वेगळे पॅड वापरा. पाळीचे पॅड सावकाश येणाऱ्या रक्तासाठी केलेले असते. एकदम येणारी लघवी ते नीट शोषत नाही आणि वास धरते. व्यायामाने पुरेसा फरक पडला नाही, तर शस्त्रक्रिया आहे. लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी बसवण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून वापरात आहे. या कृत्रिम जाळीच्या पट्ट्यांमुळे काही स्त्रियांना दीर्घकाळ वेदना झाल्या आणि इंग्लंडमध्ये २०१८ साली त्यांचा वापर थांबवण्यात आला, हेही तुम्हाला ठाऊक असावे. शरीरातल्याच ऊतींची पट्टी वापरण्याचाही पर्याय असतो. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर या दोन्हींविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलेच वाक्य हे असू द्या: "मला खोकताना-शिंकताना लघवी होते, त्यासाठी आले आहे." असे का सांगते? बाई येते, पाठदुखी सांगते, रक्तदाब मोजून घेते, औषधाची चिठ्ठी पर्समध्ये घालते आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर वळून म्हणते, "अजून एक विचारायचं होतं, पण जाऊ दे." त्या "जाऊ दे"मध्ये वर्षे जातात. यजमानांनाही सांगा. तुम्ही टाळता याचा अर्थ ते आज काहीतरी लावतच असतील, आणि तो खऱ्या कारणापेक्षा त्यांना जास्त दुखावणारा असण्याची शक्यता आहे. शय्यासुखाच्या वेळी गळती होणे हा याच तक्रारीचा भाग असतो. आधी लघवी करून येणे आणि खाली एक जाड टॉवेल अंथरणे एवढ्याने पुष्कळ जोडप्यांचा संकोच सुटतो.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त कर्मचारी आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अडीच महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. कॅन्सर निघाला असे डॉक्टर म्हणतात, पण नळी काढल्यापासून लघवी ठिबकत राहते. उठताना, जिना चढताना जास्त होते. पत्नीने औषधाच्या दुकानातून पॅड आणून दिले. या वयात ही वस्तू लावावी लागते, याची मला शरम वाटते. सकाळी उद्यानातल्या आमच्या कट्ट्यावर जाणे बंद केले आहे. मित्र फोन करतात, मी अशक्तपणा सांगतो. मुलाला काही सांगितलेले नाही. कधीकधी वाटते, त्यापेक्षा शस्त्रक्रिया केली नसती तर बरे.
— एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. असे विचार रोज येत असतील, झोप उडाली असेल किंवा जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर ते पत्नीला आजच सांगा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांनाही सांगा. शस्त्रक्रियेनंतर येणारे नैराश्य हे उपचार करण्याजोगे दुखणे आहे.

आता गळतीविषयी. पुरुषाच्या लघवीच्या मार्गावर दोन झडपा असतात असे समजा. वरची झडप मूत्राशयाच्या तोंडाशी असते, आणि प्रोस्टेट काढताना तिचे काम संपते. खालची झडप शाबूत असते, पण आजवर दोघींनी मिळून केलेले काम आता तिला एकटीला करायचे आहे, आणि त्यासाठी तिला बळ यायला वेळ लागतो. अडीच महिने हा त्यातला अगदी सुरुवातीचा काळ आहे. बहुतेक रुग्णांची गळती सहा महिने ते वर्षभरात पुष्कळ आटोक्यात येते, काहींना याहून अधिक काळ लागतो. वर शिक्षिकाबाईंना सांगितलेला व्यायाम पुरुषांसाठीही आहे. वायू अडवण्याची क्रिया करताना शिश्न किंचित आत ओढले गेले आणि अंडकोष वर उचलले गेले, म्हणजे स्नायू बरोबर आवळले आहेत. खुर्चीतून उठण्यापूर्वी आणि जिन्याची पहिली पायरी चढण्यापूर्वी आवळायचे. संध्याकाळी स्नायू थकतात, त्यामुळे गळती वाढते. तो बिघाड समजू नका.

वर्षभरानंतरही त्रास जास्त राहिला तर मूत्रविकारतज्ज्ञ आधाराची पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवण्याचा विचार करतात. या झडपेत नळीभोवती पाण्याने भरलेले एक कडे असते आणि अंडकोशाच्या पिशवीत एक लहान पंप. लघवीला जायचे तेव्हा तो दाबायचा. १९७० च्या दशकापासून ही उपकरणे वापरात आहेत. खर्च मोठा असतो, म्हणून आधी पूर्ण चौकशी करावी. तोवर पुरुषांच्या मापाचे, पुढे जास्त शोषणारे पॅड मिळतात ते वापरा. पत्नीने आणलेले कदाचित स्त्रियांच्या मापाचे असतील आणि म्हणूनच ते निसटत असतील.

पॅडची शरम वाटणे मी समजू शकते, कारण आपल्याकडे पुरुषाच्या बाबतीत ही गोष्ट कोणी उच्चारतच नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहात पुरुषांच्या बाजूला वापरलेले पॅड टाकायला डबाही नसतो. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्यासाठी मोहीम चालवावी लागली. तुमच्या कट्ट्यावर दहा-बारा ज्येष्ठ मंडळी जमत असतील, तर प्रोस्टेटच्या गोळ्या घेणारे किंवा फिरायला येण्याआधी दोनदा बाथरूमला जाऊन येणारे त्यात दोघे-तिघे तरी निघतील. सर्वांना सांगायची गरज नाही. ज्यांच्याशी मन जुळते अशा एकाला सांगा आणि नवे पॅड लावून, गडद पँट घालून पंधरा मिनिटांसाठी जाऊन या. मुलालाही सांगा, औषधाच्या दुकानात जाण्याचे काम पत्नीने एकटीने का करावे?

प्रश्न : वय ३८. रोज ठाण्याहून सीएसएमटीला नोकरीसाठी जाते. लघवी लागली की एकदम जोरात लागते आणि दोन मिनिटेही धीर धरवत नाही. घरी परतल्यावर दाराच्या कुलपात किल्ली फिरवतानाच कपडे ओले होतात, असे तीन-चारदा झाले. घरातून निघताना, स्टेशनवर, ऑफिसला पोहोचताच, जेवणाआधी, जेवणानंतर अशी मी जमेल तेव्हा जाऊन घेते. कोणत्या स्टेशनवरचे स्वच्छतागृह उघडे असते हे मला पाठ आहे. मला काही गंभीर आजार आहे का?
— ठाणे

उत्तर : बहुधा नाही, पण दोन तपासण्या आधी करा: लघवीची आणि रक्तातील साखरेची. जंतुसंसर्ग आणि मधुमेह ही दोन्ही कारणे अशी आहेत की ती सापडली तर उपचारांची दिशाच बदलते. लघवीत रक्त दिसले, किंवा जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येऊन ताबा एकाएकी सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासण्या ठीक निघाल्या तर तुमचे मूत्राशय उतावळे झाले आहे, असे समजा. निरोगी मूत्राशयात ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी राहू शकते आणि अर्धे भरण्याच्या सुमारास पहिली जाणीव होते. तुमचे मूत्राशय ती जाणीव होताच आकुंचन पावू लागते. वाटेत सोय मिळेल की नाही या धास्तीने "जाऊन घेण्याची" जी सवय लागली आहे, तिने ते आणखी उतावळे होते, कारण पूर्ण भरण्याचा त्याचा सरावच मोडतो. घराचे दार, नळाचा आवाज, किल्ली हे त्याला मिळालेले इशारे आहेत.

तीन दिवस एक वही ठेवा. स्वयंपाकघरातला जुना, मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवून दर वेळी किती वाजता किती लघवी झाली, केव्हा गळाली आणि काय प्यायलात, ते लिहा. शंभर-सव्वाशे मिलिलिटरलाच धावत असाल तर ते आकड्यांत दिसेल आणि डॉक्टरांचेही अर्धे काम होईल. मग दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्या. लाट आली की पळू नका. जागीच उभे राहा किंवा बसा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (शिक्षिकाबाईंना वर सांगितलेलेच) पाच-सहा वेळा झटपट आवळा, लक्ष दुसरीकडे वळवा, आणि लाट ओसरल्यावर शांतपणे चालत जा. किल्ली बाहेर काढण्यापूर्वी, जिन्यातच हे करा. या सरावाला निदान सहा आठवडे द्या. दिवसाचे चहा-कॉफीचे कप मोजून निम्मे करा. एवढ्याने भागले नाही तर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आहेत. जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठ होते, मिराबेग्रॉनसारख्या नव्या गोळीने हे कमी होते, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

एक गोष्ट तुमच्या मूत्राशयापलीकडची आहे. मुंबईत स्त्रियांना स्वच्छ, मोफत मुताऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ पासून राइट टू पी ही चळवळ चालली, ती उगाच नाही. हे दुखणे नसलेल्या स्त्रियांनाही स्टेशनांचा नकाशा पाठ करावा लागतो. शहराने सोय केली नाही, त्याची लाज तुम्ही बाळगू नका.

प्रश्न : वय ७२. गर्भाशय खाली उतरले आहे, अंग बाहेर येते आणि लघवीचे थेंब जातात. सोवळ्यात देवपूजा करत होते ती सुनेकडे सोपवली. हळदीकुंकवालाही जात नाही. अशा शरीराने देवाचे करावे का?
— रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मी डॉक्टर आहे, शास्त्री नाही, तरी माझे मत स्पष्ट सांगते. आजार म्हणजे अशुचिता नव्हे. हातपाय धुऊन, पॅड बदलून, धुतलेले वस्त्र नेसून पूजेला बसावे. अंग बाहेर येण्यावर योनिमार्गात बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी मिळते; शस्त्रक्रिया नको असेल किंवा झेपत नसेल, तर ती फार उपयोगी पडते. ती बसवून, नियमित तपासून घेत वावरणाऱ्या तुमच्या वयाच्या स्त्रिया आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटा, आणि या वर्षीच्या संक्रांतीचे हळदीकुंकू चुकवू नका.

प्रश्न : आईचे वय ८१. गेल्या महिन्यापासून तिला बाथरूमपर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होते. ती ओल्या साड्या गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी लपवते. वास आल्यावर आम्हाला कळले. मी रागावलो, ती रडली. पत्नी नोकरी करते, बहीण परगावी असते. डायपर लावावेत का? आणि संकोचाने विचारतो, मुलगा असून मी आईचे हे सगळे करावे का?
— सांगली

उत्तर : रागावलात ते झाले. आता तिच्याजवळ बसून सांगा की साड्या धुता येतात, त्या लपवायच्या नाहीत. ट्रंकेत साडी लपवणारी आई हट्टी किंवा विसराळू आहे असे लगेच ठरवू नका. उभ्या आयुष्यात जिने घरातल्या सर्वांचे कपडे धुतले, तिला आपली साडी दुसऱ्याच्या हाती देणे असह्य होते.

एका महिन्यात नव्याने सुरू झालेली तक्रार हे म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. या वयात लघवीचा संसर्ग ताप किंवा जळजळ न होताही असतो. कधी त्याने नुसता गोंधळलेपणा वाढतो. शौच अनेक दिवस साचले असेल तर ते मूत्राशयावर दाब आणते. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी नवी लघवीची गोळी, किंवा झोपेची गोळी सुरू झाली आहे का, ते पाहा. गोळीची वेळ संध्याकाळवरून सकाळी नेल्यानेही रात्रीचा त्रास उतरतो, पण हा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. सर्व औषधांची पाकिटे पिशवीत घालून त्यांच्याकडे न्या.

मग घराकडे पाहा. पलंगापासून बाथरूमपर्यंतचे अंतर तिच्या पावलांनी मोजा. वाटेत उंबरा, पायपुसणे, अंधार आहे का? परकराच्या नाडीची गाठ तिच्या सांधे आखडलेल्या बोटांना सुटते का? नाडीऐवजी इलॅस्टिक किंवा सैल गाऊन, रात्रीचा मंद दिवा, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि दर दोन-अडीच तासांनी "आई, जाऊन येऊ या का?" असे आपणहून विचारणे, एवढ्याने कित्येक घरांत डायपरची गरजच उरत नाही. पाणी तोडू नका. संध्याकाळनंतरचे थोडे कमी करा.

डायपर प्रवासात, रात्री किंवा अगदी उठता येत नसेल तेव्हा जरूर वापरावा, पण तिला विचारून. सोयीसाठी दिवसभर लावून ठेवला की चालणे सुटते आणि जो थोडा ताबा उरलेला असतो तोही जातो. महाग म्हणून एकच डायपर रात्रभर-दिवसभर ठेवणे तर मुळीच नको. ओल्या त्वचेला फोड येतात आणि माकडहाडाजवळ जखम होते. साध्या कोमट पाण्याने पुढून मागे धुवावे, जंतुनाशक द्रव घालू नये, टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावावे. वापरलेला डायपर गुंडाळून कागदात बांधून वेगळा द्यावा. पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम राबवली, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या हातांना आत काय आहे ते उघडून पाहावे लागत नाही. तुमच्या शहरातही हे करायला कोणाची हरकत नसावी.

घरात यासाठी कोणते शब्द वापरले जातात, तेही पाहा. "आज परत घाण केली" हे वाक्य नातवंडांसमोर एकदा जरी उच्चारले गेले, तरी ती दुसऱ्या दिवशी पाणी पिणे कमी करेल. "साडी बदलू या" एवढे पुरते. पाहुण्यांपुढे तिच्या डायपरचा विषय काढायचा नाही, तिला ऐकू कमी येते असे वाटत असले तरीही.

तुम्ही करावे का? करावे, पण ती हो म्हणाली तर. तिलाच विचारा: "आई, मी बदललं तर चालेल का, की मावशी ठेवू?" काही आयांना मुलाच्या हातून हे करून घेणे मरणप्राय वाटते, तसे असेल तर आंघोळीला आणि कपडे बदलायला बाई ठेवा आणि उचलणे, कमोडची खुर्ची धुणे, चादरी, औषधे ही कामे तुम्ही घ्या. ती हो म्हणाली तर दार लावून घ्या, फोन बाहेर ठेवा, अंगावर चादर घालून तिच्याखालूनच कपडा बदला आणि प्रत्येक हालचाल आधी सांगा: आता कुशीवर वळवतो, आता पाणी लागेल. रात्रीच्या पाळ्या पत्नीबरोबर वाटून घ्या. ज्या रात्री तुमची पाळी असेल, त्या रात्री आईच्या खोलीत तुम्ही झोपा, म्हणजे हाक मारताना तिला घर जागे करावे लागणार नाही.